सायकल कशाला म्हणायचं? आडव्या सायकलीचा इतिहास आणि आपली उपनगरं



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर सायकलीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आणि आजही साधं पंक्चर आम्हाला धड काढता येत नाही. पण गेली पंधरा वर्षं आम्ही एका सायकलीवर बसतो. बसतो म्हणणंही चूकच, रेलतो. आणि त्या सायकलीमुळे मुलुंडला आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असा एक वाद झाला, जो आम्ही वर्गात खडू झिजवून शिकवत आलो होतो. त्या वेळी समोर मुलं जांभया द्यायची. सभेत मात्र कुणी जांभई दिली नाही, कारण प्रश्न पैशाचा होता.

आमच्याकडे नियम असा, की भिंतीलगत सायकल लावायला पैसे नाहीत. इतर वाहनांना महिना आकार आहे. सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुमची ती सायकल नव्हे. दीड गाडीची जागा खाते." एक बाई म्हणाल्या, ती व्हीलचेअर आहे. तिसरे एक गृहस्थ म्हणाले, खेळणं आहे, नातवाला द्या. आणि मग कुणीतरी आमच्याकडे वळून म्हणालं, "तुम्हीच सांगा सर, सायकल कशाला म्हणायचं?"

आता जिने ही सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. आम्ही तिला आडवी म्हणतो. आरामखुर्चीत टेकून पाय पुढे सोडावेत, तसं बसायचं. पायडल पायाखाली नसतात, पुढे असतात. काही गाड्यांत पुढच्या चाकाच्याही पुढे. पाठीला टेका असतो, मनगटावर भार येत नाही, आणि ज्या जागेबद्दल सायकलस्वार चारचौघांत तक्रार करत नाहीत त्या जागेला त्रास होत नाही. आम्हाला मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी वाकून सायकल चालवायची नाही असं बजावलं. न वाकता चालवायची नाही, असं ते म्हणाले नव्हते. आम्ही तर्कशास्त्राचे असल्यामुळे ही पळवाट लगेच दिसली.

तर, व्याख्येचा प्रश्न. आपल्याकडे न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितलेत. अन्नंभट्टाच्या परंपरेत उदाहरण नेहमी गायीचं. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, असं म्हटलं तर एकही गाय सापडत नाही; हा असंभव. म्हणून लक्षण करायचं ते गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर. आता गायीला याचं काही सोयरसुतक नाही. पण माणसाच्या वस्तूंचं तसं नसतं. त्यांची व्याख्या कुणीतरी एका खोलीत बसून, हात वर करून ठरवतो, आणि जी वस्तू व्याख्येबाहेर राहते तिला पुढे कारखाना मिळत नाही, दुकान मिळत नाही, भिंतीलगत जागा मिळत नाही.

हे एकदा खरोखर घडलेलं आहे. पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा एक कारागीर-उद्योजक होता. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती आणि आईला ती धोक्याची वाटत होती. (हा संवाद मुलुंडमध्येही रोज होतो.) म्हणून मोशेनं पोरासाठी चार चाकांची पायडलची गाडी बनवली. ती इतकी पळायला लागली, की मोठ्यांसाठी मागणी आली. तिचं नाव वेलोकार. पुढे तिला मधून उभी चिरल्यासारखी करून १९३२ च्या सुमाराला त्यानं दोन चाकांची आडवी सायकल काढली.

तो काही पहिला नव्हता. १८९० च्या दशकात जिनिव्हातल्या शालां नावाच्या माणसानं अशी सायकल केली होती. १९२१ मध्ये श्टुटगार्टला पाउल याराइ, जो झेपेलिनांचे आकार ठरवायचा, त्यानंही एक केली. तिला चेनच नव्हती, पाय मागे-पुढे ढकलून तारांनी चाक फिरायचं. पण मोशे महत्त्वाकांक्षी होता. त्यानं फ्रान्सिस फोर नावाचा दुसऱ्या फळीतला शर्यतपटू गाठला. ७ जुलै १९३३ ला फोर त्या आडव्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४ चा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम एकोणीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. तो मोडला एका मध्यम दर्जाच्या स्वारानं, पाठ टेकून.

झालं. फोर मोठा की खुर्ची मोठी, यावर वाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोरिस रिशार नावाच्या स्वारानं नेहमीच्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर कापले, म्हणजे फोरपेक्षा कमी. आता विक्रम कुणाच्या नावे लावायचा? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेत चर्चा झाली, मतदान झालं, आणि १ एप्रिल १९३४ पासून सायकलीची नवी व्याख्या लागू झाली. तारखेवर हसू नका, तारीख खरी आहे. व्याख्या फुटपट्टीची होती. पायडलचा आस जमिनीपासून इतका ते इतका उंच, आणि बैठकीच्या टोकाच्या १२ सेंटिमीटरहून जास्त पुढे नको. रिशारचा विक्रम वहीत चढला. मोशे त्याच वर्षी वारला. फोरनं १९३९ मध्ये त्याच घराण्यातल्या, वाऱ्यासाठी कवच घातलेल्या गाडीवर तासाला ५० किलोमीटरची हद्द ओलांडली, ५०.५३७. तो आकडा सायकलींच्या वहीत आला नाही, कारण ती सायकल नव्हती.

वेग का वाढतो, ते दोन वाक्यांत. सपाट रस्त्यावर तासाला तीसच्या आसपास गेलात, की तुमचा बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यात जातो. आणि वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. उभा बसलेला माणूस म्हणजे शिडासारखा. रेललेला माणूस वाऱ्याला कमी दिसतो. याच जोरावर १९७६ मध्ये अमेरिकेत माणसाच्या बळावर चालणाऱ्या वाहनांची स्वतंत्र संघटना निघाली, बंधन काहीच नाही, फक्त इंजिन नको. २०१६ मध्ये टॉड रायकर्टनं नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या रस्त्यावर पूर्ण कवचाच्या आडव्या गाडीत ताशी १४४.१७ किलोमीटर गाठले. आपल्या पूर्व द्रुतगती मार्गावर इतक्या वेगानं मोटार नेली तर चलन येईल.

आता इथपर्यंतची कथा आम्ही अनेक वर्षं एका ठरावीक सुरात सांगायचो. बिचारा मोशे, दुष्ट संघटना, एका व्याख्येनं चांगलं यंत्र मारलं. महाविद्यालयात ही कथा फार चालायची. समाजशास्त्रातही पिंच आणि बाइकर या दोघांचा १९८४ चा निबंध प्रसिद्ध आहे. ते म्हणतात, की सायकलीचा आकार काही निसर्गनियमानं ठरला नाही, वेगवेगळ्या गटांच्या ओढाताणीतून ठरला. पुढचं चाक छातीएवढं उंच असलेली जुनी सायकल तरुणांना मर्दुमकीची वाटायची, आणि बायकांना, म्हाताऱ्यांना तीच धोक्याची. एकाच लोखंडाची दोन यंत्रं. मग १८८५ ला स्टार्लीची रोव्हर आली, सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन. १८८८ ला डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि प्रश्न मिटला. म्हणजे, मिटला असं मानलं गेलं.

आमच्या या कथेला पहिला छेद दिला तो मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे आमचे जुने स्नेही. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर स्टेशनजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांनी मोशेची गोष्ट शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सर, त्या गाडीची चेन तुटली तर पुढच्या गावात मिळायची का?"

आम्ही गप्प. कारण उत्तर आमच्याच मुंबईच्या इतिहासात होतं. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १८ मार्च १९२८ ला सुमारे ७१,००० किलोमीटर करून परत आले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. इराणचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. त्यांच्या मांड्यांचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. पण मिस्त्रींच्या नजरेनं बघा. त्रिकोणी नळ्यांची ती सायकल जगभर साधारण सारख्याच छऱ्यांवर, सारख्याच अर्ध्या इंची चेनवर चालत होती. गावात लोहार असला की काम भागायचं. संघटनेनं आडवी सायकल शर्यतीतून काढली हे खरं, पण दुकानातून तिला संघटनेनं काढलं नाही. दुकानात ती मुळात पोचलीच नव्हती. आमचं आजचं मत विचाराल तर दोन्ही कारणं एकत्र घ्यावी लागतात: शर्यत बंद म्हणून कारखाने नाहीत, कारखाने नाहीत म्हणून सुटे भाग नाहीत. पण मिस्त्रींनी दाखवलेलं कारण आमच्या पुस्तकी कथेत नव्हतं, एवढं कबूल करतो.

आणि आपल्या उपनगरांत तर सुटा भाग हाच सायकलीचा प्राण. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. रस्त्याला अजून ते नाव आहे. १९८० मध्ये संसदेनं कायदा करून तो सरकारकडे घेतला, आणि पुढे तोही मिटला. पण त्या काळ्या, दणकट, २८ इंची सायकलीची जी रूपांतरं घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत झाली, ती कुठल्या कारखान्यानं केली नाहीत. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतून निघणारा दूधवाला आठवा. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कान काढून त्यांत कॅन अडकवलेले, चाकाला जादा जाड आरे. (आरे म्हणजे स्पोक, दूध आणि आरे यांचं नातं इथं निव्वळ योगायोगाचं.) पाववाल्याची सायकल, मागे माणसाच्या उंचीची टोपली, आणि पुढे तोल सांभाळायला तो स्वतः नळीवर झुकलेला. धार लावणाऱ्याची सायकल तर तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत विचारावी अशी: स्टँडवर चढवली, पट्टा बदलला, की तीच पायडल सहाणेचा दगड फिरवतात. ती उभी असते तेव्हा सायकल असते की नसते? डबेवाल्यांची सायकल वेगळीच. अंधेरीच्या, बोरिवलीच्या इमारतींमधून डबे गोळा करून स्टेशनपर्यंत आणायचे, तर हँडलपासून कॅरिअरपर्यंत प्रत्येक ठिकाणी आकडा हवा. लोकांनी यंत्राला आपल्या धंद्याचा आकार दिला. कुणी हात वर करून मतदान केलं नाही.

तर अशा माणसांच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आमची आडवी बनवली. विकत का नाही घेतली? तेव्हा इथं मिळत नव्हती, आणि परदेशी मागवायची तर पेन्शनमध्ये बसत नव्हती. पुढचं चाक मुलांच्या सायकलीचं, २० इंची. मागचं २६ इंची. सांगाडा चौरस लोखंडी नळीचा, जोड पितळी झाळेचे. बैठकीला वळवलेला पाइप आणि त्यावर पलंगाची नवार ताणून विणलेली. हे मिस्त्रींचं खास डोकं. नवारीतून वारा जातो. मे महिन्यात पाठ भिजत नाही, आणि सैल पडली की घरी पुन्हा ताणता येते. वजन मात्र बावीस किलोच्या आसपास. हलकी करा म्हटलं तर म्हणाले, "हलकी करतो, पण मग तुमचा भरोसा तुमच्यावर."

खरी लढाई चेनची. पायडल पुढे गेल्यामुळे चेन लांबते. आमच्या गाडीला तीन चेन जोडून एक केलीय. इतकी लांब चेन मध्येच झोके घेते, पँटचा पाय खाते. तिला वळवायला मध्ये एक कप्पी लागते. मिस्त्रींनी पहिल्यांदा कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी लावली. ती तीन दिवस टिकली. कारण असं, की पायाचा जेवढा जोर, त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण चेनच्या वरच्या अंगावर येतो. कपड्यांच्या कप्पीचा हा पिंड नव्हे. मग त्यांनी लेथवर नायलॉनची कप्पी काढली, आत ६२०० नंबरचं बेअरिंग बसवलं. ते अजून फिरतंय. खालच्या अंगाला ताण नसतो, तिथं नुसती प्लास्टिकची नळी पुरते, चेन तिच्यातून सरकते. पण पावसाळ्यात त्याच नळीत चिखल जमून कुरकुर सुरू होते. जूनमध्ये दर आठवड्याला आणि एरवी महिन्याला चेन धुवायची. पूर्वी रॉकेलनं, आता डिझेलनं, जुन्या दातांच्या ब्रशानं. नंतर कोरडी पुसायची आणि मगच तेल, तेही थेंब-थेंब. लोक तेल ओततात. तेल ओतलं की मुंबईची धूळ येऊन बसते आणि चेनऐवजी कानस तयार होते.

चालवणं शिकायला आम्हाला दोन आठवडे लागले, वय एकसष्ट. मुलुंडचे जुने रस्ते चौकटीसारखे काटकोनात आखलेले आहेत, १९२२ च्या सुमाराचं नियोजन. पहाटे पाचला ते शिकायला उत्तम. पहिली दहा फुटं सायकल सापासारखी जाते. मान ताठ केली की हँडल थरथरतं. डोकं बैठकीला टेकवलं, पायडल जोरात न मारता फिरवलं, की एकदम शांत होते. हे कळलं त्या दिवशी आम्ही तेराव्यांदा पडून उठलो होतो. पडणं मात्र इथं सौम्य, खुर्चीवरून घसरल्याएवढंच.

एका रविवारी टेम्पोत घालून गाडी बोरिवलीला नेली, राष्ट्रीय उद्यानात. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. सपाट भागात आम्ही कॉलेजच्या पोरांना मागे टाकलं. पोरं बघतच राहिली. शेवटच्या चढावर त्याच पोरांनी आम्हाला मागे टाकलं आणि तीही हसत हसत. आडव्या सायकलीवर पायडलवर उभं राहता येत नाही; चढावर शरीराचं वजन कामी येत नाही, फक्त पाय आणि गिअर. ज्यांनी त्या चढावर दगडात आसनं कोरून दोन हजार वर्षांपूर्वी बसायची सोय केली, त्यांचा आम्हाला हेवा वाटला. येताना उतारावर मात्र काय सांगावं! जंगल दोन्ही अंगांनी आणि आपण पाठीवर, आकाशाकडे बघत. बिबट्या दिसला नाही, बरंच झालं.

पण कौतुक एकांगी नको. लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुपजवळ, एका बसच्या चालकाला आम्ही दिसलोच नाही. त्याचा दोष म्हणणार नाही; त्याच्या काचेच्या खाली होतो आम्ही. कोपर सोलवटलं, हँडल वाकलं. त्यानंतर मिस्त्रींनी मागे सहा फुटी काठी आणि तिच्यावर भगवा कपडा लावला, म्हणजे लोक वारीला निघालोय समजून हात जोडतात. तेव्हापासून हमरस्ता सोडला. वेगळा सायकलमार्ग हवा, हे आम्हाला त्या कोपरानं शिकवलं.

आणि वेगळे मार्ग झालेही, किंवा होऊ घातले. पवई तलावाभोवतीच्या सायकलमार्गाची आम्ही वाट बघत होतो. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला, तलाव पूर्ववत करा म्हणून सांगितलं. याचिका आयआयटीतल्या विद्यार्थ्यांची होती. सायकलवाले म्हणून आम्ही हळहळलो, नंतर वाटलं पोरं बरोबर होती. तानसाच्या जलवाहिन्यांलगत मुलुंडपासून ३९ किलोमीटरचा मार्ग जाहीर झाला, नाव सुंदर, 'हरित वारी जलतीरी'. त्या जलवाहिन्यांच्या दोन्ही अंगांना दहा मीटर मोकळे करताना जी घरं उठली, त्यांतली पुष्कळ कुटुंबं माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी पाठवली गेली. तिथली हवा राहण्याजोगी नाही म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये न्यायालयानं सरकारला, दुसरं घर द्या नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या, असं सांगितलं. आम्हाला सुखानं रेलून जायला रस्ता हवा हे खरंच आहे. तो कुणाच्या ओट्यावरून जातो, हे विचारायची सवय आम्हाला उशिरा लागली.

तशीच एक दुसरी गोष्ट उशिरा कळली. आता सभेकडे परत येतो.

आम्ही सभेत उभे राहिलो आणि गोतमापासून सुरुवात केली. अव्याप्ती, अतिव्याप्ती, मोशे, फोर, सगळं सांगितलं. शेवटी लक्षण मांडलं: इंजिनाशिवाय, स्वाराच्या पायांच्या बळानं, दोन चाकांवर चालणारं वाहन म्हणजे सायकल. बैठक उभी की आडवी, याचा संबंध नाही. लोकांना पटलं. सेक्रेटरीसुद्धा मान हलवायला लागले. आम्ही खाली बसलो तेव्हा मनातून चांगलेच खूश होतो.

तेव्हा मागून आवाज आला, "सर, माझी गाडी तुमच्या व्याख्येत बसत नाही."

बी विंगमध्ये मुलीकडे राहायला आलेले एक गृहस्थ. लहानपणी पोलिओ झालेला. स्टेशनबाहेर त्यांचा टेलिफोनचा बूथ होता. मोबाइल आले आणि बूथ गेला, आता तिथंच रिचार्ज आणि झेरॉक्सचं बघतात. ते हातानं फिरवायच्या तीनचाकीवर येतात-जातात. विषयपत्रिकेत नोंद दोन वाहनांची होती, आमची आणि त्यांची, दोघांनाही आकार लावलेला. आम्ही नोटीस वाचली होती; आपलं नाव शोधलं आणि पुढे वाचलंच नाही.

पायांचं बळ, म्हणालो आम्ही. त्यांचे हात. दोन चाकं, म्हणालो. त्यांची तीन. शाळेच्या पुस्तकात घालावी अशी अव्याप्ती, आणि ती आम्हीच केलेली.

घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली. १६५५ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज जावळीवर जायच्या आदल्या वर्षी, न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याचे पाय अधू होते. त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची, हातानं दांडा फिरवून चालणारी गाडी केली. बसून, पाठ टेकून, स्वतःच्या बळानं. सायकलीचा इतिहास आपण १८१७ मध्ये ड्राइसच्या धावगाडीपासून सुरू करतो, पायानं जमीन रेटायची ती. ड्राइसच्या गाडीला ना दांडा होता ना पायडल, तरी ती सायकलींची आजी. फार्फलरच्या गाडीला दांडा होता, दाते होते, आणि ती इतिहासात जाते अपंगांच्या साधनांच्या कप्प्यात. आम्ही मोशेच्या अन्यायावर वर्षानुवर्षं बोललो आणि मोशेच्या आधीचा माणूस आमच्याही वहीत नव्हता. मुंबईत आडवी सायकल कधी आली, असं आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही ऐटीत सांगायचो, मिस्त्रींनी आणली. वास्तविक कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या तीनचाकी प्रत्येक उपनगरी स्टेशनाबाहेर कितीतरी वर्षं उभ्या होत्या. आम्ही त्यांच्याजवळून रोज लोकल पकडायला जात होतो.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग, चेन वळवायचं मी शिकलो कुठं? ह्यांच्याच गाडीवर." त्या गृहस्थांच्या तीनचाकीत हाताशी दांडा आणि चाक खाली, म्हणजे लांब चेन आलीच. तिची दुरुस्ती मिस्त्री आमची ओळख व्हायच्या आधीपासून करत होते. आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्या तीनचाकीला गिअर नाही. पुलाच्या चढावर कुणीतरी मागून ढकलावं लागतं. सायकलरिक्षांचंही तेच दुखणं. फलटणच्या निंबकर संस्थेत अनिल राजवंशींनी रिक्षांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळलं, की ओढणाऱ्याची हालअपेष्टा गिअर नसल्यानं, वाईट ब्रेकांनी आणि वाऱ्याला आडवं येणाऱ्या छतानं होते. मग त्यांनी सुधारलेली रिक्षा केली आणि विजेचीही. म्हणजे उपाय ठाऊक आहे. मिस्त्रींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, झाळकाम आता जमत नाही. पण त्यांनी नकाशा काढून दिला आणि त्यांच्या दुकानात आता बसणाऱ्या भाच्यानं मागच्या आसाला तीन गिअरचा हब बसवला. दोनदा चेन उतरली. तिसऱ्यांदा कप्पीची जागा अर्धा इंच बदलली, तेव्हा बसली. गेल्या महिन्यात ते गृहस्थ स्टेशनाजवळचा चढ कुणी न ढकलता चढले, आणि वर जाऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर चहा मागवला.

सभेचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. आम्ही आमचं लक्षण मागे घेतलं. दुसरं मांडायचा प्रयत्न केला, त्यात हातगाडी शिरायला लागली. शेवटी त्या गृहस्थांच्या मुलीनं सुचवलं, की ज्या वाहनात पेट्रोल किंवा वीज भरावी लागत नाही त्याला आकार नाही, एवढंच लिहा. ठराव झाला. आता कुणीतरी विजेची सायकल घेतलीय, त्यामुळे पुढच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे.

मिस्त्री आज आले आहेत, मागच्या रांगेत, दाराजवळ. आडवी खाली फाटकाशी लावली आहे. कुणाला बसून बघायचं असेल तर बघा, पण उंची पाच फूट चारच्या खाली असेल तर पायडलची नळी आत घ्यावी लागेल. चौदाचा पाना आमच्या पिशवीत आहे. प्रश्न असतील तर आधी ते घेऊ.